आधी टास्क मॅनेजर उघडा, मग पाकीट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून आठ-दहा वर्षांचा, पण धडधाकट संगणकही ‘आता याचं काही खरं नाही’ म्हणून बाजूला काढला जातो. घरात हप्त्यावर नवा लॅपटॉप येतो, शाळेच्या संगणक कक्षातले डबे एका कोपऱ्यात रचले जातात. वास्तविक अपडेट संपणे आणि संगणक मंद चालणे ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. या पत्रात मुख्यतः मंदपणाबद्दल लिहितो, अपडेटकडे नंतर येतो.

मंद संगणक दुकानात नेला की तीन उत्तरे ठरलेली असतात: फॉरमॅट मारू, रॅम वाढवू, नाहीतर नवाच घ्या. ही तिन्ही उत्तरे कधी ना कधी बरोबर ठरतात. गडबड एवढीच की संगणक नेमका कुठे अडतो आहे हे न बघता ती दिली जातात. ते बघायला ना पैसा लागतो ना तंत्रज्ञ.

संगणक सुरू करून पाचेक मिनिटे जाऊ द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी अगदीच लहान दिसली तर तिच्यातले ‘मोअर डिटेल्स’ दाबा. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क असे रकाने आणि प्रत्येकावर टक्केवारी दिसेल. तुम्ही काहीही करत नसताना डिस्क ९५-१०० टक्क्यांना चिकटलेली आणि सीपीयू १०-१५ वर असेल, तर दोष डिस्कचा किंवा डिस्कवर पडणाऱ्या भाराचा. ब्राउझर आणि एखादी वर्ड फाइल उघडताच मेमरी ८५-९० च्या वर जात असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू शंभरावर असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. जो प्रोग्रॅम ताकद खातोय तो यादीत वर येतो. तिन्ही आकडे कमी असूनही संगणक रखडत असेल, तर उष्णता, चार्जर किंवा इंटरनेट यांच्याकडे संशयाने पाहायचे.

जुन्या यंत्रांत बहुतेक वेळा सापडते ती डिस्क. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘डिस्क ०’ च्या खाली एचडीडी की एसएसडी हे लिहिलेले असते. लॅपटॉपमधली नेहमीची एचडीडी, म्हणजे फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा असलेला भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, त्यात साडेपाच मिलिसेकंद जातात. हेड योग्य जागी सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली ही डिस्क सेकंदाला साठेकच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशी हजारो लहान वाचने मागते आणि त्याच वेळी अँटिव्हायरस, अपडेट, ब्राउझर सगळे त्याच रांगेत घुसतात. साध्या साटा एसएसडीला (एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क; साटा ही तिची जोडणी) असे एक वाचन करायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो. म्हणून एखादी मोठी फाइल कॉपी करताना दोन्हींत चार-पाच पटच फरक दिसतो, पण संगणक सुरू होण्याचा वेळ तीन-चार मिनिटांवरून अर्ध्या मिनिटाच्या आत येतो. प्रोसेसर बदललेला नसतो, तरी यंत्र नवे वाटते.

एसएसडी घेण्याआधी मोफत होणारी कामे उरकून घ्यावीत, कारण कधीकधी तेवढ्यावरच भागते. पहिले काम स्टार्टअपचे. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे, विंडोज ११ मध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर, प्रिंटरचे ‘असिस्टंट’, पीडीएफचे अपडेटर हे सगळे निवडून ‘डिसेबल’ करा. यामुळे प्रोग्रॅम उडत नाही. लागेल तेव्हा हाताने उघडता येतो. वनड्राइव्ह बंद केले तर फाइली ढगात (क्लाउडवर) जाणे थांबते, त्यामुळे तो निर्णय विचार करून घ्यावा. रिअलटेक, सिनॅप्टिक्स अशी नावे आवाजाची आणि टचपॅडची असतात, त्यांना हात लावू नये. या यादीत न दिसणारी भुतेही असतात. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आहे. त्यात आधी ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ लावायचे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदी चुकून बंद होत नाहीत. नोंद कायमची डिलीट करू नये, नुसती टिक काढावी. काही बिघडले तर परत लावता येते.

दुसरे काम अनेकांना पटत नाही. रोज शट डाउन करणाऱ्यांचाही संगणक आठवडेच्या आठवडे खऱ्या अर्थाने बंद झालेला नसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. बिघडलेला ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर), अडकलेली सेवा, सगळे त्याच्यासोबत परत येते. टास्क मॅनेजरच्या सीपीयू भागात ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद होणाऱ्या यंत्रावर तो कित्येक दिवसांचा दिसला तर हेच चालू आहे. ‘रीस्टार्ट’ मात्र गाभा नव्याने सुरू करतो. फिरत्या डिस्कवर फास्ट स्टार्टअपचा फायदाही आहे, म्हणून ते बंद करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे.

सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तर विंडोजला तात्पुरत्या फाइली आणि अपडेट ठेवायला जागा उरत नाही. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. जुन्या विंडोजची प्रत शिल्लक असेल तर ती एकटीच वीसेक जीबी अडवून बसलेली असू शकते. तिथल्या ‘डाउनलोड्स’ वर टिक नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा, नाहीतर सातबारा, मार्कशीट, बँकेची स्टेटमेंट सगळे एका क्लिकसरशी जाईल. बाकीची जागा कुठे गेली हे ‘विझट्री’ काही सेकंदांत चौकोनांच्या नकाशात दाखवते. ते घरगुती वापराला मोफत आहे, कार्यालयांनी ‘विनडरस्टॅट’ वापरावे.

सजावटीतून मिळणारा वेग थोडाच, पण कमकुवत ग्राफिक्सच्या यंत्रावर जाणवतो. स्टार्टमध्ये ‘परफॉर्मन्स’ टाइप करून विंडोजच्या दृश्य परिणामांची खिडकी उघडा, ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा आणि मग खालच्या यादीत ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ वर परत टिक करा. ती विसरली तर देवनागरीतले काना, मात्रा, रफार करवतीच्या दात्यांसारखे दिसतात. त्याच खिडकीत ‘व्हर्च्युअल मेमरी’ (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) चा आकडा बदलायचा सल्ला जागोजागी दिला जातो. तो विंडोजवर सोडा. बंद केली तर चार जीबीच्या यंत्रावर ब्राउझर कोसळतो.

‘सिसमेन’ ही सेवा नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवते. फिरती डिस्क आणि चार जीबी रॅम असेल तर तिचा कधीकधी उलटा त्रास होतो. ‘सर्व्हिसेस’ मध्ये जाऊन आठवडाभर ती बंद ठेवून पाहावे, फरक पडला नाही तर परत सुरू करावी. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ ही दोन नावे मात्र डिस्क खाताना दिसली तरी मारू नयेत. पहिले विंडोजचे स्वतःचे अँटिव्हायरस, दुसरे अपडेट बसवणारे. आठवड्यातून एकदाच उघडला जाणारा संगणक नेमका याचमुळे जास्त रखडतो, कारण सात दिवसांचे साठलेले काम तो पहिल्या तासात करू पाहतो. अकरावी प्रवेशाचा अर्ज भरायला बसायच्या आदल्या रात्री चार्जर लावून, इंटरनेट जोडून, झोपू न देता तो दोन-तीन तास चालू ठेवावा. अर्ज भरताना तो शांत असतो.

लॅपटॉपसोबत आलेले, मुदत संपलेले चाचणीचे अँटिव्हायरस काढून टाका. ते असेपर्यंत विंडोजचे स्वतःचे डिफेंडर मागे सरकलेले असू शकते आणि मुदत संपलेले अँटिव्हायरस संरक्षण देईनासे होऊनही डिस्क वाचत राहते. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर एकाने उघडलेली फाइल दुसराही तपासतो आणि काम दुप्पट होते.

कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या उगवत असतील तर ते बहुतेकदा व्हायरस नसतात. कुठल्यातरी सिरियल-क्रिकेटच्या साइटवर ‘अलाऊ’ दाबल्याचा तो प्रसाद असतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी साइट काढून टाका. सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’ खाली ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. क्रोम उघडे असताना शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो, त्यात कोणता टॅब किंवा एक्स्टेंशन किती मेमरी खातो ते दिसते.

आता ‘एका क्लिकमध्ये पीसी फास्ट’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करून वेग वाढत नाही. लाखो नोंदींतल्या दोन-पाचशे उडवल्या तर वाचलेला वेळ मोजताही येत नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर प्रोग्रॅम उघडेनासा होतो. अशा क्लीनरना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. नामांकित सॉफ्टवेअरही संकटातून सुटलेले नाही: ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोचली. मोफत सॉफ्टवेअर घेताना ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको. आणि विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारी क्रॅक फाइल चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच तिथून निघावे. रात्रंदिवस सीपीयू शंभरावर असलेल्या यंत्रात पुष्कळदा अशाच फाइलीसोबत आलेले, दुसऱ्याच्या खिशासाठी आभासी चलन (क्रिप्टो) खोदणारे सॉफ्टवेअर सापडते.

एवढे करूनही डिस्क शंभरावरच राहिली तर तिची तब्येत बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ मोफत आहे. त्यात ‘गुड’ च्या जागी पिवळा ‘कॉशन’ दिसला, किंवा ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’, ‘करंट पेंडिंग सेक्टर’, ‘अनकरेक्टेबल सेक्टर’ या ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यात शून्याखेरीज आकडा असला (तो सोळाच्या पायावर लिहिलेला असतो, हे लक्षात ठेवून), तर डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. खराब भाग ती पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळा संगणक गोठतो. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणे किंवा डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणे) चालवणे म्हणजे तिला शेवटचा धक्का देणे. आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढायची, बाकी सगळे नंतर.

एसएसडी घेताना लॅपटॉपमधली जुनी डिस्क अडीच इंची असेल तर अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी तिच्याच जागी बसते. घरगुती वापराला २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुनी डिस्क निरोगी असेल तर तिला यूएसबीच्या केसमध्ये घालून फोटोंसाठी ठेवावी. एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल तर ती साटा मानते की एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणी), हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच मागवा. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच, पण चुकीची लावली तर बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही. सीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल तर तिची जाडी मोजा: ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर असते. तिथे जुनी डिस्क टाकावी आणि मूळ जागी एसएसडी, कारण काही लॅपटॉपमध्ये सीडीची जोडणी संथ असते.

जुने विंडोज जसेच्या तसे उचलून नव्या डिस्कवर नेता येते. पुष्कळ एसएसडी कंपन्या त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर देतात आणि ‘क्लोनझिला’ सगळ्यांसाठी आहे. त्यात स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते. म्हणून नवीन विंडोज टाकलेले बरे. मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते मोफत तयार करून देते. त्या यंत्रावर आधी अस्सल विंडोज चालत असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर इंटरनेट जोडताच परवाना आपोआप लागू होतो, त्यासाठी वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नयेत. काम सुरू करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला विंडोजने लावलेले कुलूप) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ हवा, पण तो विंडोज टाकण्यापूर्वी लावायचा. नंतर बदलला तर निळा पडदा येतो. एसएसडीला हाताने डीफ्रॅग करायची गरज नाही, तिची देखभाल विंडोज स्वतः करते.

रॅमचे पाहायचे झाले तर टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात ‘स्लॉट्स यूज्ड’ मध्ये किती खाचा भरल्या ते कळते, प्रकार ‘सीपीयू-झेड’ सांगते. डीडीआर३, डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. डीडीआर३ आणि डीडीआर३एल बसतात, पण दुसरी १.३५ व्होल्टवर चालते आणि तीच मागणारा लॅपटॉप १.५ व्होल्टच्या पट्टीने सुरूच होत नाही. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ मध्ये ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ लिहिले असेल तर आठ जीबी टाकूनही चारच्या आतच वापरली जाते. आधी ६४-बिट विंडोज टाकावे लागते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, त्यामुळे ‘असू दे’ म्हणून रॅम वाढवण्याचे हे दिवस नव्हेत. चाराची आठ करण्यात अर्थ आहे. आठाची सोळा केल्याने अर्ज भरणे आणि व्हिडिओ पाहणे वेगवान होत नाही.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गादीवर ठेवलेला लॅपटॉप दुपारी मंद आणि सकाळी ठीक, असे होते. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ तापमान दाखवते. झडपेतली धूळ काढताना पंखा काडीने अडवून मगच हवा मारा, मोकळा पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जाते. चार-पाच वर्षे झाली असतील तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलेला दिसला तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर लावला की वेग दाबून धरतात.

आता अपडेटचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो नसेल तर विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा घेता येते; सेटिंग्जच्या ‘विंडोज अपडेट’ मध्ये नोंदणीचा दुवा दिसतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर, किंवा त्याआधीही, लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती हा उत्तम मार्ग आहे. तिला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असली तर सुखाने चालते, आणि २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ‘रूफस’ या मोफत साधनाने ती पेन ड्राइव्हवर घाला, संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून त्यावरून उघडा. डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते बघता येते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतो. मात्र टॅली, श्रीलिपी आणि कार्यालयातले बरेचसे सरकारी काम विंडोजवरच चालते. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी तपासावे. शिवाय ‘मंगल’ फॉन्ट तिथे नसल्याने वर्डमधल्या अर्जाची पाने लिब्रेऑफिसमध्ये पुढेमागे सरकतात. सेतू केंद्राने किंवा डीटीपीवाल्याने म्हणूनच घाई करू नये. शाळेला यातली जवळजवळ कोणतीच अडचण नाही. केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ ही राज्य सरकारची कंपनी गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक चालवते आहे.

म्हणून संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना एक सूचना. संगणक निकामी ठरवण्याच्या प्रस्तावासोबत प्रत्येक यंत्राचा क्रिस्टलडिस्कइन्फोचा आणि टास्क मॅनेजरचा पडदा छापून मागवावा. दुरुस्ती करणाऱ्यांनीही दर सांगण्याआधी तो ग्राहकाला दाखवावा. एवढे करूनही भंगारात देण्याची वेळ आली तर डिस्क आधी काढून घ्या. तिच्यात विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांसकट याद्या असतात, आणि फिरत्या डिस्कवरच्या नुसत्या डिलीट केलेल्या फाइली ‘फोटोरेक’ सारख्या मोफत सॉफ्टवेअरने कुणालाही परत काढता येतात.

आपला,
एक वाचक, मिरज